वरचा भाडेकरू

ताटाखाली ठिपका लावला त्या दिवशी लतिकाच्या बोटांना नेलपॉलिशचा वास लागला, आणि तो दिवसभर गेला नाही. कणीक मळताना आला, तांदूळ निवडताना आला. बाटली लेकीची, अवनीची, वांगी रंगाची, अर्धी सुकलेली. दिराचं ताट, दिराची वाटी, दिराचा पेला. तिन्हींच्या बुडाला तिने एकेक थेंब टेकवला आणि भांडी उन्हात पालथी घातली. घासताना सरमिसळ होऊ नये, एवढंच. बुडाला कोण बघतंय?

काशीनाथाने बघितलं. जेवण झाल्यावर त्याने ताट तिरपं केलं, ठिपका बोटाने चाचपला आणि म्हणाला, “वहिनी, ताटाला कुंकू लावलंत? लग्नबिग्न ठरवताय की काय माझं? छप्पन्न वर्षं वाट बघतोय.”

लतिका हसली. हसण्याशिवाय काय करणार होती? मग ताट उचलून मोरीत नेलं आणि नळ मोठा सोडला, पाण्याच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येऊ नये म्हणून.

गंगेकाठच्या ब्रह्माघाटाच्या वरच्या अंगाला, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागेल अशा गल्लीत त्यांचं घर होतं. खाली पुढची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर यात्रेकरूंसाठी दोन खोल्या, वर गच्ची. लतिकाचा नवरा विष्णु पौरोहित्य करायचा. महाराष्ट्रातून लोक श्राद्धाला येत, चार दिवस राहत, लतिकाच्या हातचं जेवत. विष्णु मंत्र सांगायचा आणि काशीनाथ पितरांच्या पाटावर बसायचा. श्राद्धाला ब्राह्मण जेवू घालायचा तो मेलेल्या बापाच्या जागी. तीस वर्षं ती जागा काशीनाथाची. किती जणांचा बाप झालो त्याची गणती नाही, असं तो म्हणायचा, आणि स्वतः बिनलग्नाचा.

खोकला होळीपासूनचा. गल्लीतल्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, पांढरा डाग दाखवला आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी लघवी केशरी झाली. “संन्यास न घेताच भगवं लागलं बघा,” काशीनाथ म्हणाला. दोन महिने झाले. खोकला हलला नाही. अंगावरचं मांस मात्र हललं. बंडीतून खांद्याची हाडं हँगरसारखी दिसायला लागली. मग एका सकाळी पंच्याच्या टोकाला रक्त दिसलं आणि अवनी म्हणाली, “बस झालं आई. बड़े अस्पताल में दिखाओ.”

मोठ्या दवाखान्यात त्याला नळकांड्यासारख्या मशीनमधून काढला, मग पाठीतून सुई घालून फुप्फुसाचा तुकडा घेतला. आठ दिवसांनी कागद आला. त्यात इंग्रजीत बरंच होतं, आणि अवनीने ते तीनदा वाचून त्याचा अर्थ सांगितला तो एवढाच, की नक्की काही सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा सुई घातली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी लतिकाला आणि अवनीला आत बोलावलं. डॉक्टरीण तरुण मुलगीच होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि हिंदीत सावकाश बोलत होती. मागचा तुकडा लहान होता, त्यात मेलेलंच मांस जास्त आलं. फोटोत दिसतंय ते दोन्ही असू शकतं. टीबी, किंवा गाठ. या वेळचा तुकडा बरा आलाय. पंधराएक दिवस लागतील.

गाठ म्हणजे काय ते त्या मुलीने सांगितलं नाही आणि या दोघींनी विचारलं नाही.

लतिकाने विचारलं ते वेगळंच. “दुसऱ्यांना लागतं का हे?”

बाहेर बाकावर काशीनाथ शर्ट उलटा घालून बसला होता, पाठीवर पट्टी. तो जगेल का, हे तिने आधी विचारायला हवं होतं. शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थुंकी दोनदा तपासली, काही निघालं नाही. औषधही दोन महिने चाललंय. घाबरू नका. “और बरतन-वरतन अलग मत करिएगा माताजी. आदमी उसी से टूट जाता है.”

अवनीने आईकडे पाहिलं. लतिकाने पदर सारखा केला.

परतताना ई-रिक्षात काशीनाथ दोघींच्या मध्ये बसला. खड्डा आला की पाठीवरची जखम ओढली जायची आणि तो दात दाबून “हर हर” म्हणायचा. लतिका रस्त्याकडे बघत होती. पितृपक्ष आठ दिवसांवर आला होता. त्या पंधरा दिवसांवर घर वर्षभर चालायचं. टीबीचा शब्द गल्लीत पडला, की दोन घरं सोडून राहणाऱ्या पुरोहिताची माणसं स्टेशनावरच यात्रेकरूंच्या कानाला लागतील. त्या घरात जेवू नका, तिथं क्षय आहे. आणि गाठ निघाली तर? गाठीचं कोणाला लागत नाही. गाठीला लोक हळहळतात, घरी मोसंबी आणून देतात, आणि जेवून जातात.

गाठच असू दे, असं तिने म्हटलं नाही. देवाकडे मागितलंही नाही. पण मन त्या बाजूला कललं, आणि कललेलं तिला जाणवलं. रिक्षाने वळण घेतलं तसा काशीनाथ तिच्या अंगावर रेलला. किती हलका झाला होता! सव्वीस वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून ती साताऱ्याकडून इथे आली, तेव्हा हिंदीचं अक्षर येत नव्हतं. याच दिराने तिला भाजीच्या मंडईत नेलं होतं. लौकी म्हणजे दुधी, नेनुआ म्हणजे घोसाळं, आणि भाव विचारताना भुवई वर करायची, वहिनी, नाहीतर हे लोक लुटतात.

“भाऊजी, दुखतंय का फार?” तिने विचारलं.

“दुखतंय ना. पण दोन बायकांच्या मध्ये बसायला मिळालंय, तक्रार कशाला करू?”

दुसऱ्या दिवशी तिने सुचवलं, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हवा चांगली आहे. काशीनाथाने एकदा तिच्याकडे आणि एकदा भावाकडे पाहिलं. विष्णु पंचांगात बघत होता. पंचांगात त्या घडीला इतकं बघण्यासारखं काही नव्हतं.

“चांगलीच आहे हवा,” काशीनाथ म्हणाला. आपली वळकटी त्याने आपणच उचलली. जिना अरुंद, पायऱ्या उंच. दर सहाव्या पायरीला तो भिंतीला टेकून उभा राही आणि छातीतून, पाणी संपत आलेल्या नळासारखी घरघर येई. लतिका मागून चटई आणि ती ठिपक्याची भांडी घेऊन चढत होती. त्याला पुढे हो म्हणता येईना, त्याच्या हातातलं घेताही येईना. जिन्यात दोघांना जागाच नव्हती.

यंदा गंगा खूप चढली होती. घाटाच्या पायऱ्या सगळ्या पाण्याखाली, खालच्या गल्लीत गढूळ पाणी शिरलेलं, नावा बांधून ठेवलेल्या. श्राद्धं घाटावर करायची सोय नव्हती. जो तो आपापल्या पुरोहिताच्या घरी माजघरात पिंड वळत होता. लतिका पहाटे उठून उंबऱ्याशी आलेला गाळ खराट्याने लोटायची, मग अंघोळ, मग चूल. डाळ वाटून वाटून मनगट सुजलं. गच्चीवर चहा आणि जेवण नेण्याच्या दिवसाला आठ खेपा.

पंचमीला कराडचे लोक उतरले. गीताबाई, सत्तरीच्या, नवऱ्याच्या पहिल्या वर्षानंतरच्या श्राद्धाला आलेल्या, आणि त्यांचा मुलगा रत्नाकर, बँकेत मॅनेजर. कराड म्हणजे लतिकाच्या माहेरची वाट. गीताबाईंनी तिच्या माहेरच्या गावातली दोन घरं नावानिशी ओळखली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. बाई बोलायला मोकळ्या, पण दमेकरी. दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यायच्या.

पहिल्याच दिवशी जेवताना वरून खोकला आला. सुरू झाला तो थांबेना. रत्नाकरचा घास हातात राहिला.

“कोण आजारी आहे का वर?”

लतिका आमटी वाढत होती. विष्णु समोर होता. पळीतली आमटी वाटीत पडेपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती म्हणाली, “भाडेकरू आहेत. जरा सर्दीपडसं झालंय.”

विष्णुने खांद्यावरचं उपरणं सारखं केलं आणि भात कालवला.

दुपारी ती ताट घेऊन वर गेली तर काशीनाथ कठड्याशी बसून कावळ्याला बिस्किटाचा चुरा घालत होता. एका पायाने लंगडणारा कावळा, इतक्या दिवसांत त्याच्या हाताशी यायला शिकलेला. कोपऱ्यात माकडं हाकलायची काठी.

“आलात?” तो म्हणाला. “भाडेकरूला जेवण मिळतं या घरात? मोठ्या मनाचे मालक आहेत.”

आवाज खाली जातो तसा वरही येतो, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

“भाऊजी, मी... तोंडातून गेलं माझ्या.”

“बरोबर गेलं. मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. सीझन आहे. फक्त भाडं वाढवू नका म्हणजे झालं.”

पुढे रोज तेच. भाडेकरूला चहा आहे का? मालकीणबाई, भाडेकरूच्या खोलीत पाणी टपकतंय. पहिल्या दिवशी ती हसली, दुसऱ्या दिवशी ओठ हलवले, तिसऱ्या दिवशी ताट ठेवून न बोलता खाली आली. त्याची थट्टा कडू असती तर बरं झालं असतं. ती कडू नव्हती. तो तिला सांभाळून घेत होता.

आता खोकला आला की तो उशी तोंडावर धरायचा. खालून ऐकलं की कळायचं. घुसमटलेला, पोत्यात कोंडलेल्या जनावरासारखा आवाज.

अष्टमीला श्राद्ध होतं आणि त्याच दिवशी कागद यायचा होता. अवनी सकाळपासून मोबाईल मुठीत घेऊन फिरत होती. “आई, बार बार मत पूछो ना. आला की सांगेन.” लतिकाने वडे तळले, खीर आटवली, कढी, कारलं, भोपळा, गवार, आमसुलाची चटणी. शेजारचा एक वृद्ध ब्राह्मण पितरांच्या पाटावर बसला. काशीनाथाच्या जागेवर. तो जेवताना फार सांडायचा.

पिंड झाले. कावळ्याचं पान घाटावर ठेवायचं, पण घाट पाण्याखाली. रत्नाकर म्हणाला, “गुरुजी, गच्चीवर ठेवू या.”

विष्णु म्हणाला, “हो, ठेवू या की,” आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने लतिकाकडे पाहिलं. तिने हातातला झारा खाली ठेवला.

“वर माकडं आहेत हो,” ती म्हणाली. “मी नेऊन ठेवते. गीताबाई, तुम्हाला जिना झेपायचा नाही.”

“झेपंल,” गीताबाई म्हणाल्या. “सव्वा वर्ष झालं त्यांना जाऊन. एक जिना झेपंना व्हय मला?”

त्या दर चौथ्या पायरीला थांबत चढल्या. पुढे रत्नाकर पान घेऊन, मागे विष्णु, शेवटी लतिका. वर काशीनाथ चटईवर बसला होता, पांढरी बंडी, गुडघ्यावर काठी, बाजूला ते ताट. उठून जायला दुसरीकडे जागा नव्हती. गीताबाईंनी दम खाल्ला, त्याच्याकडे पाहिलं, मग विष्णुकडे. तेच नाक, तेच केस मागे सरकलेलं कपाळ.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “हे तर गुरुजींचे सख्खे भाऊ शोभतील.”

आता सांग, आता सांग, असं लतिकाने स्वतःला दोनदा म्हटलं. तेवढ्यात काशीनाथाने हात जोडले.

“प्रणाम माताजी,” तो म्हणाला. “हम तो किरायेदार हैं. छपरा के रहने वाले. आप लोग अपना काम करिए, हम बंदर देखते हैं.”

आणि खरंच काठी टेकत उठून, पाठ करून कठड्याशी उभा राहिला.

विष्णुने पान मांडलं, पाणी सोडलं. कावळे शेजारच्या गच्चीवर होते, येईनात. पुराने सगळीकडे कुजलेलं खायला पडलेलं, कोण येतो वड्यावर? गीताबाई हात जोडून उभ्या होत्या. “काय राहिलं असंल हो त्यांचं?” त्या पुटपुटल्या. “मी सगळं केलं. दवाखान्यात शेवटी पाणी मागत होते, डॉक्टर नको म्हणाले म्हणून नाही दिलं. तेच असंल. दुसरं काय असणार?” श्वास अडकायला लागला. रत्नाकर म्हणाला, “आई, चल खाली.” त्या हलल्या नाहीत.

काशीनाथाने मान वळवून पाहिलं. लतिकाला त्याचा चेहरा दिसला, आणि तो काय करणार ते तिला त्याच्या आधी कळलं.

“ये रे लंगड्या,” तो हळू म्हणाला. “ये बाबा. आज बिस्किट नाही, वडा आहे. ये, म्हातारी उन्हात उभी आहे.”

कावळा आला. कठड्यावर बसला, त्याच्याकडे बघत तिरका तिरका चालला, आणि वडा उचलला.

गीताबाई रडल्या, नमस्कार केला, पदराने तोंड पुसलं. मग हळूहळू काशीनाथाकडे वळल्या. रत्नाकरच्या तर आधीच लक्षात आलं होतं. तेवढ्यात इतका वेळ छातीत दाबून धरलेला खोकला आला. काशीनाथ खाली बसला, वाकला, उशी हाताला लागेना. पंच्यावर लाल उमटलं.

“छपऱ्याचे लोक इतकं चांगलं मराठी बोलतात?” रत्नाकर म्हणाला.

“माझे दीर आहेत,” लतिका म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला पातळ वाटला. “काशीनाथ. छातीची तपासणी चाललीय. टीबी असेल किंवा दुसरं काही. अजून कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या लागण व्हायची भीती नाही. पण मी खोटं बोलले.”

“माझ्या आईला दमा आहे, वहिनी. तुम्हाला दिसत नव्हतं? चार दिवस आम्ही इथं जेवतोय.”

“रत्ना, गप,” गीताबाई म्हणाल्या. त्या चटईजवळ गेल्या, ताटाकडे पाहिलं, उलट्या पेल्यावरचा ठिपकाही पाहिला. तो कशाचा, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. “पोरी,” त्या म्हणाल्या, “आजार लपवलास ते कळतं मला. घर चालवायचं असतं. पण सख्खा माणूस कशाला लपवलास?”

काशीनाथ तोंड पुसत म्हणाला, “माताजी, मीच म्हटलं होतं तसं सांगायला.”

तेही खोटं होतं, आणि लतिकाने तेही राहू दिलं.

खाली पानं मांडलेली होती. श्राद्धाचं पान टाकून उठायचं नसतं म्हणून गीताबाई जेवल्या, सावकाश, प्रत्येक पदार्थ. रत्नाकरने भाताला नुसतं बोट लावलं आणि फोनवर धर्मशाळेची चौकशी केली. चार वाजता रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली. निघताना गीताबाईंनी लतिकाच्या हातात ब्राह्मणासाठी आणलेलं धोतर ठेवलं. “तुझ्या दिराला दे,” म्हणाल्या. “माझ्या माणसाला त्यांनीच जेवू घातलं.” माहेरच्या वाटेवरचं माणूस, पण लतिकाला मान वर करून निरोप देता आला नाही.

पानं उचलून, माजघर पुसून ती मोरीत फडकं पिळत होती तेव्हा अवनी जिन्यातून धावत आली. काशीनाथ तिच्या मागे, भिंत धरून एकेक पायरी.

“आला. बाबा, आई, आला रिपोर्ट.” तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. “टीबी नाहीये. साफ लिखा है. टीबीचं काही मिळालं नाही.”

विष्णुने हात जोडले. आणि लतिका मोरीच्या काठावर मटकन बसली. कमरेपासून काहीतरी सैल झालं, महिनाभर आवळलेलं, आणि तोंडातून निघून गेलं, “सुटलो गं बाई.”

अवनीचं बोट पडद्यावर थांबलं होतं. ती पुढचं वाचत होती, ओठ न हलवता, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. टीबी नाही, म्हणजे काय राहतं, ते सगळ्यांना माहीत होतं. ते लतिकालाही माहीत होतं. शब्द परत गिळता आले असते तर तिने ते त्या ओल्या फडक्यासकट गिळले असते.

काशीनाथ शेवटच्या पायरीवर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तिच्याकडे बघून तो जरा हसला, आणि विचारलं, अगदी साधेपणाने, थट्टेचा मागमूस नव्हता,

“मग आता खाली येऊ ना, वहिनी?”

वळकटी तिने आणली. ट्रंकही आणली, विष्णु पुढे झाला तर त्याला हात लावू दिला नाही. जिन्यात दोनदा पाय घसरला. पुढच्या खोलीत, खिडकीशी, त्याच्या जुन्या जागी तिने गादी घातली, चादर चारदा सारखी केली. अवनी कोपऱ्यात बसून डॉक्टरीणबाईंना फोन लावत होती. सोमवारी या, म्हणाल्या. अजून एक तपासणी करावी लागेल, गाठ कोणत्या जातीची आहे ते बघायला. त्यावर औषध ठरेल. म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा वाट बघणं.

“काका, सोमवारी मी येते तुमच्याबरोबर.”

“ये. पण त्या पोरीला सांग, सुई या वेळी पुढून घाल म्हणावं. पाठीवर जागा उरली नाही.”

दिवेलागणीला तिने पानं घेतली. सकाळचेच वडे, सकाळचीच कढी. ताटं मांडताना ते ठिपक्याचं ताट हाताला लागलं. मघाशी तिने ते राखेने घासलं होतं, घासणीने घासलं होतं. स्टीलवर चरे पडले, पण रंग हलला नव्हता. तिने ते आपल्या जागेवर ठेवलं आणि आपलं ताट काशीनाथापुढे मांडलं.

चौघं जेवायला बसली. काशीनाथाने चित्राहुती घातल्या, आणि मग सवयीने, महिन्याभरात लागलेल्या सवयीने, ताटाची कड उचलून बुडाशी बोट फिरवलं. काही लागलं नाही. त्याने पुन्हा फिरवलं. मग वर न बघता म्हणाला, “कढी छान झालीय आज. वाढा जरा.”

लतिकाने वाढली. तो ती संपवू शकणार नाही हे दोघांना माहीत होतं. मग तिने उजव्या हाताने आपला भात कालवला. डावा हात ताटाखाली, त्या थेंबावर होता, आणि जेवण संपेपर्यंत तिने तो काढला नाही.